झुपकी खारीचा तक्ता

माणसांनी टाकून दिलेला एक कॉम्प्युटर जंगलात येऊन पडला, त्या काळची ही गोष्ट. साळुंकीबाईंनी लगेच वर्ग काढला. वर्गात झुपकी खार सगळ्यांत हुशार. कोणता खाऊ कुठे पुरलाय, याचा तिने तक्ता केला. एका रकान्यात खाऊ, शेजारच्या रकान्यात जागा. मग तो जरा देखणा दिसावा म्हणून तिने खाऊचा रकाना तेवढा अकारविल्हे लावला. जागा होत्या तिथेच राहिल्या.

"याला म्हणतात काम!" बाईंनी शाबासकी दिली आणि फाइल जपून ठेवायला लावली.

पुढे उन्हाळा आला, पिल्लं भुकेजली. झुपकीने तक्ता बघून बोरांची जागा उकरली, तर निघाले चिंचोके! ते आपणच तिथे पुरल्याचं तिला चांगलं आठवत होतं. पण बाईंनी तपासलेला तक्ता चुकेल कसा?

"आई, चिंचोकेच दे ना," पिल्लं म्हणाली.

"खबरदार हात लावाल तर! ते इथले नाहीत."

दिवसभर ती एकेक खाऊ उकरून तक्त्याप्रमाणे हलवत राहिली. वाट बघून बघून पिल्लं उपाशीच झोपली. झुपकीने घाम पुसला आणि म्हणाली, "आता कुठे सगळं जागच्या जागी आलं!"