मयूरमण्याचा रंग

एका राज्यात सुकेतू नावाचा राजा राज्य करीत होता. राजा शूर होता, उदार होता आणि थोडा हट्टी होता. राजाच तो, इतकं चालायचंच. त्याच्या गादीला पूर्वजांकडून मयूरमणी लाभला होता. सुपारीएवढा, दुधासारखा पांढरा, पण जरा हलवला की आत निळे, हिरवे, केशरी कण खेळू लागत. मणी हाती धरून राजा कुणाविषयी जे बोले ते खरं होई. म्हणून राजे तो हाती घेऊन फारसं बोलत नसत. सकाळी सिंहासनावर बसून फक्त त्याचा रंग सांगत. "आज मणी निळा!" असं म्हटलं की नगारा वाजे आणि सारं नगर निळं नेसून कामाला लागे. गाईंच्या पाठीवरही निळी झूल चढे.

एके दिवशी राजा म्हणाला, "आज मणी हिरवा."

डाव्या हाताला राणी तमालिनी बसली होती. राजाचा तिच्यावर फार जीव. ती सहज बोलून गेली, "मला तर केशरी दिसतो."

भरसभेत हसू पिकलं. राजाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. हातात मणी आहे याचंही भान त्याला राहिलं नाही. "राणीची दृष्टी चुकली आहे," तो म्हणाला.

म्हणाला मात्र, आणि राणीच्या डोळ्यांतला उजेड गेला. मणीही विझला. राजानं तो मुठीत धरून शब्द पुन्हा पुन्हा मागे घेतले, पण विझलेला मणी काय ऐकणार! राणी रागावली असती तर राजाला बरं वाटलं असतं. पण ती चाचपत त्याच्या ताटात तूप वाढी आणि ते पाटावर सांडलं की हसून विचारी, "कुठं गेलं हो?" राजा भरलं ताट तसंच ठेवून उठे.

त्या राज्यात पक्षी बोलत, पण विचारल्याखेरीज नाही. बागेतल्या टिटवीला मात्र ही मर्यादा मान्य नव्हती.

"महाराज, डोंगरावर मेघावती जोगीण आहे. तिला विचारा."

"राजानं विचारायचं?"

"मग बसा रडत."

राजा मणी घेऊन निघाला आणि टिटवी पुढं उडाली.

जोगीण अंगणात नाचणी पाखडत होती. मणी पाहून ती हळहळली. "अरे, हा तुमच्या मूळपुरुषाला जपासाठी दिला होता. बोटांत फिरवावा, रंग पालटला की आपल्या एका माणसाला आठवावं आणि त्याच्या जागेवरून जग कसं दिसत असेल ते मनात आणावं. तुम्ही त्याचा हुकूम केलात! आता तीन कामं कर. नागझरीचं पाणी आण. कृकल मांत्रिकाच्या भुयारातलं धूपछाव वस्त्र आण. तिसरं काम तुझ्या घरीच आहे, ते तुझं तूच ओळख."

नागझरीवर एक थोरला नाग वेटोळं घालून बसला होता. "माझा रंग सांग आणि पाणी ने. चुकलास तर डसेन."

"सोनेरी," हा शब्द राजाच्या ओठांवर आला होता. त्यानं तो गिळला. "नागराज, जरा मागून पाहू का?" मागून नाग काळा होता. बाजूनं पाहिला तर जांभळा. "पुढून सोनेरी, मागून काळा, बाजूनं जांभळा. पोटाखालचा रंग ठाऊक नाही."

"तो मलाही ठाऊक नाही," नाग म्हणाला आणि बाजूला सरकला.

कृकलाच्या भुयारात सोन्याच्या राशी होत्या आणि राशींभोवती दगड झालेली माणसं होती. शापच तसा होता. 'माझं' म्हणून जो हात लावी तो दगड होई. मधोमध ते वस्त्र घडी करून ठेवलं होतं, उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या. राजा हात जोडून म्हणाला, "माझ्या राणीसाठी हवं आहे. नेऊ का?"

अंधारातून कृकलाचा आवाज आला, भरून आल्यासारखा. "आजवर कुणी विचारलंच नव्हतं. ने बाबा." त्यासरशी शाप सुटला आणि दगड झालेली माणसं आळोखेपिळोखे देत उठून आपापल्या घरी गेली.

सारे ऋतू पालटून गेले तेव्हा कुठं राजा परतला. सभा भरली. त्यानं वाटीत नागझरीचं पाणी ओतलं, मणी त्यात ठेवला, वाटी धूपछावाच्या घडीवर ठेवून राणीच्या मांडीवर दिली. मणी विझलेलाच. सभा कुजबुजू लागली. राजाला वाटलं, हरलो. रिकाम्या सिंहासनाकडं त्याची पावलं वळली आणि थबकली. तो परत फिरला आणि राणीच्या आसनाशी, खाली जमिनीवर बसला. आजवर जे कधी विचारलं नव्हतं ते त्यानं विचारलं.

"तमालिनी, त्या दिवशी तुला काय दिसलं होतं?"

राणी म्हणाली, "खरं सांगू? मण्याकडं माझं लक्षच नव्हतं. मी आपल्याकडं पाहत होते. मण्याचा केशरी उजेड आपल्या गालावर पडला होता. फार छान दिसत होतात."

राजाला रडू आवरेना, आणि भरसभेत त्यानं ते आवरलंही नाही. पाण्यात मणी लखकन उजळला, सगळ्या रंगांनी. राजानं तो ओल्या हातानं उचलला. "राणीची दृष्टी खरी होती," तो म्हणाला, "आणि खरी आहे."

राणीच्या डोळ्यांत उजेड परतला. तिनं पापण्या मिटल्या, उघडल्या, खाली वाकून पाहिलं. सभा श्वास रोखून ऐकत होती, आज राणी कोणता रंग सांगते!

"अगं बाई," ती म्हणाली, "दाढी पांढरी झाली की हो!"

दुसऱ्या दिवशी नगारा वाजला, पण रंग कुणी सांगितला नाही. ज्याला जे भावलं ते तो नेसला आणि रंगाऱ्यांना जेवायला सवड मिळेना. राजा-राणीला सुख लाभलं, तसं ऐकणाऱ्यांनाही लाभो. कहाणी इथं पुरी झाली.