पाय मोकळे करण्याचा खर्च

हिरण्यकेशी नदीकाठच्या एका शाळेचे अध्यक्ष अप्पासाहेब घाटगे यांनी सभेत फर्मान काढलं, “यंदापासून खेळाचा सगळा निधी अभ्यासाला. उड्या मारून कुणी शहाणं होत नाही.”

खेळ शिकवणाऱ्या यास्मिनबाई वाद न घालता म्हणाल्या, “मान्य आहे. फक्त एक दिवस मुलांसारखं बाकावर बसून बघा.”

“त्यात काय अवघड?” म्हणत दुसऱ्या दिवशी अप्पासाहेब सातवीच्या वर्गात जाऊन बसले. गणित झालं, इतिहास झाला. भूगोलाच्या तासाला त्यांची चुळबुळ सुरू झाली, मग डुलकी लागली. शेवटी ते उठून बाहेर आले आणि मैदानात फेऱ्या मारू लागले.

यास्मिनबाई त्यांच्याजवळ गेल्या. “काय झालं, अप्पासाहेब?”

“डोकं चालेना. पाय मोकळे केले, आता हुशारी आली. पुन्हा बसतो.”

“आम्ही यालाच खेळाचा तास म्हणतो,” बाई शांतपणे म्हणाल्या. “तो फक्त अध्यक्षांपुरता ठेवायचा, की मुलांनाही द्यायचा?”

अप्पासाहेबांनी फर्मान मागे घेतलं. खेळाचा निधी तर राहिलाच, वर त्यांनी स्वतःहून खो-खोचे नवे खांब रोवून दिले. पहिला डाव बघायला त्यांच्यासाठी खुर्ची मांडली होती, पण ते उभेच राहिले.