साहेबांचा दीर्घ श्वास

करंजवाडीच्या अंगणवाडीत एवढ्याशा खोलीत पोरांची ही गर्दी, आणि सांभाळायला एकट्या शेवंताताई. मदतनिसाची जागा रिकामी. अर्ज केला की ‘निधी नाही’ म्हणून परत. ताईंचं डोकं सदा ठणकत असायचं.

एक दिवस जिल्ह्याहून पाटणकरसाहेब आले. मदतनीस नव्हे, ताणमुक्तीचं व्याख्यान घेऊन!

“ताई, ताण म्हणजे नुसता मनाचा खेळ. डोळे मिटा, दीर्घ श्वास घ्या. काही झालं तरी अर्धा तास डोळे उघडायचे नाहीत. पोरांकडे मी बघतो.”

ताईंनी मुकाट्याने डोळे मिटले.

बघता बघता दोघांची बाहुलीवरून जुंपली, एकाने चटईवर शू केली, शेगडीवरची खिचडी करपू लागली आणि एका चिमुरडीने साहेबांच्या कडक इस्त्रीच्या पँटला नाक पुसलं.

“अहो ताई, उठा!” साहेब किंचाळले. “एकटा माणूस कुठे कुठे पुरणार?”

ताई डोळे न उघडताच म्हणाल्या, “अर्जात मी हेच लिहिते, साहेब. पण ताण मनाचा खेळ ना? दीर्घ श्वास घ्या.”

पुढच्याच आठवड्यात मदतनीस हजर झाली. साहेबांची व्याख्यानं अजून चालतात म्हणे, पण आधी विचारून घेतात, तिथे पोरं नाहीत ना?