हॉटेलातली ऋषीची भाजी

“...मग या वर्षी तरी उद्यापन करू ना, अक्का?”

शरयूने हे विचारलं तेव्हा दोघींच्या पुढ्यात नुकत्याच थाळ्या आल्या होत्या.

ऋषिपंचमीचा दिवस. या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, असं व्रत आहे. नांगरटीचं धान्य चालत नाही, गाईचं दूध-तूपही नाही. आपसूक उगवलेलं, नाहीतर हाताने लावलेलं तेवढंच खायचं. सात वर्षं पाळलं की उद्यापन करतात. शरयूची सात वर्षं गेल्या पंचमीलाच भरली होती. पण अक्का ‘थांब’ म्हणाल्या. का, ते सांगितलं नाही. आणि अक्कांच्या शब्दाबाहेर ती जात नसे.

अक्का म्हणजे गावाबाहेरच्या मठीत राहणाऱ्या काशीअक्का. वय ऐंशीच्या घरात. शरयू त्यांच्याकडे पोथी ऐकायला जाई.

आज तिने हौसेने त्यांना घाटाच्या पायथ्याशी असलेल्या हॉटेलात आणलं होतं. तिथे पंचमीला रानभाज्यांची थाळी मिळते, नाव आठ दिवस आधी सांगावं लागतं. भारंगीची फुलं, करटोली, कुर्डू, तेऱ्याचं अळू, वरीचा भात. वाढणाऱ्याला तिने विचारून विचारून बेजार केलं होतं. तूप म्हशीचंच ना? मीठ सैंधव ना? तो बिचारा दोनदा आत जाऊन आला.

“एक कण बैलाचा नाही, अक्का,” शरयू म्हणाली. “सगळं रानातलं. आपोआप आलेलं.”

“आपोआप...”

अक्कांनी थाळीतली तुपाची वाटी उचलली आणि त्या उठल्या.

हात धुवायला निघाल्या असतील, असं शरयूला वाटलं. पण त्या मागच्या दाराकडे वळल्या. ती लगबगीने मागोमाग गेली.

मागच्या पायरीवर एक बाई बसली होती. येताना अक्कांनी तिला पाहिलं होतं. नाव चिमाबाई. हॉटेलात भाजी हीच आणते.

अक्का तिच्या शेजारी टेकल्या. कधी निघालीस, विचारलं. तांबडं फुटायच्या आधी, ती म्हणाली. वरच्या पाड्यावरून. वाट निसरडी, हात मोकळे लागतात, म्हणून गाठोडी दोरीने दोन्ही खांद्यांना अडकवायची.

पदर सरकला होता तिथे वळ दिसत होते. दोन्हीकडे.

एवढं ओझं, मग घरचा बैल का नाही आणत, असं शरयूने विचारलं. चिमाबाईला त्याची गंमत वाटली.

“त्या वाटेनं बैल उतरत नाही, बाई.”

अक्कांनी दोन बोटं तुपात बुडवली. चिमाबाईच्या डाव्या खांद्याला लावली आणि हलक्या हाताने चोळू लागल्या.

ती आधी अंग चोरून बसली. मग तिला हसू आलं.

“पोळा झाला की, आजी. पाच दिस झाले. अन् तवाबी तूप लावून खांदे बैलाचे मळत्यात.”

“उशीर झाला खरा,” अक्का म्हणाल्या.

आतून वाढणाऱ्याने हाक दिली. भात निवतोय म्हणाला. शरयू दारात उभी होती, ती हलली नाही. अक्कांचा हात वळावरून फिरत होता. चिमाबाईने डोळे मिटले होते.

“अक्का, ते उद्यापनाचं...”



अक्कांनी तुपाची वाटी शरयूपुढे धरली.

“डावा झाला,” त्या म्हणाल्या. “उजवा राहिलाय.”