हेरंब साहेबांनी विहीर मोजली

एका तालुक्याच्या वाट्याला एक भोळा साहेब आला. नाव हेरंब कुंभोजकर. पदव्या भरपूर. सांगितलेलं काम शब्दशः करायचा. त्यापलीकडे डोकं चालवायचं, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

त्याच तालुक्यातल्या खैरमाळला पिण्याच्या पाण्याची एकच विहीर. तिच्या चहूबाजूंनी रंगराव बागायतदाराच्या द्राक्षबागा आणि त्याच्या बोअर. बोअर सुरू झाल्या की विहीर खाली जायची. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही दिसत होतं. पण सरकारी कचेरीला दिसण्यासाठी यंत्र लागतं. म्हणून कचेरीने एक शिकणारा संगणक आणला. त्याला पाण्याची मापं द्यायची, की तो उपशामुळे विहीर किती खाली जाईल ते सांगणार. विहीर आटणार असं तो म्हणाला, तर उन्हाळाभर रंगरावाच्या बोअर बंद. मापं घ्यायचं काम हेरंबकडे आलं. म्हणजे गावाची तहान आता त्याच्या मोजपट्टीवर होती.

मोठ्या साहेबांनी त्याला बजावलं, "जिथे पंप चालू असेल तिथे माप घेऊ नकोस. पाणी हललेलं असतं."

हेरंब खैरमाळला गेला. सगळीकडे पंप चालू. मग त्याने पंप नसलेली विहीर शोधून काढली. रोज तिथलं माप पाठवलं. माप काही हलेना. संगणक शिकला : उपशाचा पाण्यावर काहीही परिणाम होत नाही.

रंगरावाने हेरंबला चहा पाजला. गावातली भागाआक्का मात्र कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"सायेब, ती मसणवटीतली हीर हाय. तिचं पाणी उपसणार कोण? मेलेली माणसं?"

"यंत्राने तसं काही विचारलेलं नाही, आक्का."

मोठे साहेब फोनवर ओरडले, "गाढवा, जिथे पंप चालतो तिथेच मापायचं!"

"हो साहेब. चूक लक्षात आली."

पुढच्याच आठवड्यात पर्जन्यमापक आला. हेरंबने धडा घेतलेला होता. जिथे पंप चालतो, तिथेच मापायचं. त्याने पर्जन्यमापक नेऊन रंगरावाच्या पंपाच्या धारेखाली ठेवला. भर चैत्रात खैरमाळला ढगफुटी नोंदली गेली. संगणक शिकला : खैरमाळला पाणीच पाणी.

"छत्र्या वाटणार का वो सायेब?" भागाआक्काने विचारलं.

"तशी तरतूद नाही."

"आणि प्यायच्या पाण्याची?"

"ती पावसात धरली आहे."

मोठ्या साहेबांनी कपाळ बडवलं. "अरे मूर्खा, माणसाने ओतलेलं पाणी मोजतात का? ते आधी काढून टाकायचं. मग जे उरेल, ते खरं माप!"

"हो साहेब. आता चूक होणार नाही."

या सगळ्यात उन्हाळा पेटला. बोअर एक दिवसही थांबल्या नाहीत, कारण यंत्र अजून शिकत होतं. बागा मात्र पाणी प्यायला केव्हाच शिकल्या होत्या. वैशाखात विहिरीचा तळ दिसला. बायकांनी तहसीलीसमोर रिकाम्या घागरी बडवल्या, तेव्हा कुठे टँकर आला. आपल्याकडच्या रीतीप्रमाणे तो विहिरीतच रिता झाला. बायका घागरी घेऊन काठावर आल्या. एवढ्यात हेरंब मोजपट्टी घेऊन पोचला. आत डोकावला आणि दचकला.

"थांबा! कुणी शिवू नका. हे ओतलेलं पाणी आहे."

"मग? ओतलेलं पाणी कडू असतंय व्हय?" भागाआक्का म्हणाली.

"माप चुकेल. आधी काढावं लागेल. रंगराव, एखादा पंप मिळेल का?"

"आत्ता लावतो साहेब," रंगराव म्हणाला. "आणि पाणी टाकायचं कुठं याचा घोर करू नका. बाग हाय आपली."

बायका ओरडल्या, आडव्या आल्या. हेरंबने पोलीसपाटलाला पुढे केलं. सरकारी कामात अडथळा नको. पंप लागला. पाणी थेट बागेत गेलं. हेरंबने पट्टी सोडली, ती तळाच्या दगडावर खणकन वाजली. त्याने ताबडतोब फोन लावला.

"साहेब, अगदी खरं माप! विहीर ठणठणीत कोरडी."

"शाबास!" मोठे साहेब पहिल्यांदाच खूश झाले. "मग गाव तहानलेलं असेल. लगेच टँकर पाठवतो."

"नको साहेब," हेरंब म्हणाला. "तो आलाच होता. तो काढून टाकला, म्हणून तर माप बरोबर आलं."