शहाणा दिवा आणि पोवळ्या बैल

मोटारींच्या दिव्यांना नुकतीच अक्कल फुटली होती, तेव्हाची ही गोष्ट. कडब्याचा छकडा ओढत पोवळ्या बैल कालव्याच्या पुलावर आला, तोच समोरच्या मोटारीचा झोत त्याच्या डोळ्यांत घुसला. पुलाची कड दिसेना. एक पाऊल चुकलं की छकड्यासकट पाण्यात!

"दिवेसाहेब, जरा नजर खाली करा," पोवळ्या म्हणाला. "मघाशी ट्रकपुढे केलीत तशी."

"ट्रकला दिवे होते. तुला आहेत का? दिवेवाला दिसला की मी आपोआप झुकतो. इतका मी सुसंस्कृत!"

पोवळ्या पुलाच्या मधोमध पाय रोवून उभा राहिला.

"बाजूला हो की, बैलोबा! आम्हाला उशीर होतोय."

"होतो ना," पोवळ्या म्हणाला, "दिसलं की लगेच."

उजाडेपर्यंत त्या सुसंस्कृत दिव्याला बैलाशिवाय दुसरं काही दिसलं नाही.