रुमालाखालचा हात

ठक्... ठक्... ठक्...

खाली पुळणीवर सुतार गलबताच्या फटींत काथ्या ठोकत होते. तो आवाज धोंडशेटला पुढे म्हातारपणीही मधूनच ऐकू यायचा, आणि ऐकू आला की हातातलं काम आपोआप थांबायचं.

त्या सकाळी मात्र आवाज ऐकायला त्याला सवड नव्हती.

“माल माझा नव्हताच, बाबा. मग देणं माझं कसं?”

हैदरबाबा दर्ग्याच्या पायरीवर बसून आपल्या रुमालाला टाका घालत होते. फकिरी घेण्याआधी ते याच बंदरात दलाली करायचे. मिसरूडही न फुटलेल्या धोंडूला भाव करायला त्यांनीच शिकवलं होतं. आता त्या धोंडूचा धोंडशेट मलुष्टे झाला होता, आणि बाबांशी बोलताना तो उभाच राहायचा.

“बस तरी, शेट.”

“बसायला वेळ कुठाय? माल आणलेल्या गलबताचा नाखवा सालिम पुळणीवर येऊन बसलाय. वारा फिरला. त्याला तिकडे आफ्रिकेला, जंगबारला परतायचंय.”

“पैसे मागतो?”

“मागत नाही. नुसता बसतो!” धोंडशेट चिडला. “मागितले असते तर दोन शब्द सुनावता तरी आले असते.”

बाबा हसले. सुई रुमालात खोचून ठेवली.

“मला जरा समजावून सांग. म्हातारा झालो, विसरलो असेन.”

“त्यात काय समजावायचं? सालिमने जंगबारहून लवंग आणली. मी ती त्याच्याकडून घेतली, बसऱ्याच्या व्यापाऱ्याला विकली. एका गलबतातून निघाली, भर खाडीत दुसऱ्या गलबतात चढली. माझ्या वखारीला तिचा वाससुद्धा लागला नाही. बसऱ्याहून हुंडी येणार, मी ती मुंबईच्या पेढीवर वटवणार. त्यातला माझा नफा मला, बाकीचे सालिमला. पैसा तिकडून आला, इकडे गेला. मी नुसता मधला.”

“आणि हुंडी?”

“...आली नाही. चिठ्ठीही नाही.”

“हं.”

“मग मी कुठून देऊ? बसरा देईल तेव्हा जंगबारला मिळेल. चुकतंय का माझं?”

“नफा धरलास तेव्हा कोण होतास? मधला, की मालक?”

धोंडशेटची नजर पुळणीकडे वळली.

ठक्... ठक्...

“खाली काय ठोकतायत?”

“माझं गलबत.” ते सांगताना त्याचा आवाज उगाच हळू झाला. त्याच्या घराण्यात गलबत कुणाचंच नव्हतं. बापाने जन्मभर दुसऱ्याच्या गलबतांवर पोती चढवली. हे पहिलं.

“अर्धवट गलबतालाही गिऱ्हाईक आलं होतं म्हणे.”

“बाबा, ते तोंडातून काढू नका!”

बाबांनी पुन्हा काढलं नाही. रुमाल तेवढा झटकून पसरला.

“हात घाल.”

धोंडशेटला हसू आलं. भाव चारचौघांत फुटू नये म्हणून दोघांचे हात रुमालाखाली धरायचे आणि बोटं दाबून आकडा सांगायचा, ही बंदराची जुनी रीत. तो तीत तरबेज होता. त्याने बसकण मारली, बाही वर सरकवली.

“कुठल्या मालाचा भाव करायचा?”

“भाव नाही करायचा. आज तू सालिम, मी धोंडू. जंगबारहून आलायस. हात घाल, चाचपून बघ... कुणाचा हात लागतो?”

“तुमचा.”

“आता बसऱ्याचा हात शोध.”

“तो कसा असेल इथे?”

“शोध तर.”

धोंडशेटने कोपरापर्यंत हात आत घातला. वारा होता, पायरीचा गार दगड होता. फिरून फिरून बाबांचेच खरखरीत पंजे लागत होते.

“नाही सापडत.”

“सालिमला सापडला होता?”

“...नाही.”

“बसऱ्याला सालिमचा?”

“नाही.”

“मग त्या दोघांना कोण सापडलं?”

धोंडशेटचा हात रुमालाखालीच राहिला. समोर खाडीचं तोंड होतं, त्यापुढे नुसता दर्या. जंगबारला कुणीतरी झाडावर चढून लवंग खुडली असेल. बसऱ्याला कुणाच्या तरी घरी ती खलात कुटली जाईल. त्याला याचं नाव ठाऊक नाही, याला त्याची भाषा येत नाही. एवढं मोठं पाणी मध्ये पसरलेलं... आणि त्या पाण्यावर कुठेही धरायला दुसरं काही नाही. फक्त हा हात.

आपलाच हात त्याला अनोळखी वाटला.

“बाबा... एवढं सगळं यावर?”

रुमालाखाली बाबांनी त्याची बोटं हळूच सोडली.

धोंडशेट उठला. पायऱ्या उतरून पुळणीवर गेला, आणि तसाच पुढे गलबताच्या त्या गिऱ्हाइकाच्या घरी.

दुसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर त्याने सालिमपुढे थैली ठेवली. बाबा जवळच नारळाच्या झाडाला टेकून बसले होते.

सालिमने थैली उचलली, पण उघडली नाही. त्याला इथली भाषा तोडकीमोडकी यायची.

“बसरा आला?”

धोंडशेटने मान हलवली. नाही.

ठक्... ठक्...

सालिमने आवाजाच्या दिशेने बघितलं. गलबतापाशी एक दुसराच शेट उभा राहून सुतारांना ओरडत होता. सालिम बराच वेळ तिकडे बघत राहिला. मग धोंडशेटकडे. मग त्याने डोक्याचा फेटा सोडला, एक टोक दोघांच्या हातांवर टाकलं आणि खालून धोंडशेटचा हात धरला.

धोंडशेट वाट बघत होता... पण एकही बोट दाबलं गेलं नाही.

थोड्या वेळाने सालिमने हात सोडला, फेटा खांद्यावर टाकला आणि होडीत जाऊन बसला. वल्ही पाण्यात पडली.

धोंडशेट गोंधळून बाबांकडे आला.

“बोट नाही, आकडा नाही. नुसता अख्खा पंजा धरून बसला. बाबा, हा कुठला भाव? मला कधी शिकवला नाहीत.”

बाबांनी त्याचा तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. उलटा केला, सुलटा केला. मग अलगद आपल्या डोळ्यांना लावला.

“जन्मभर रुमालाखाली हात घातला, पोरा... मला हा भाव कुणी दिला नाही.”

आणि खांद्यावरचा रुमाल तिथेच वाळूवर ठेवून ते उठले, दर्ग्याच्या वाटेने चालू लागले.